रिक्षाचा मागचा ब्रेक आणि नळीतली हवा

मुंबईत वांद्रे आणि शीव ही रिक्षाची वेस आहे. तिच्या दक्षिणेला, जुन्या शहरात, रिक्षाला मज्जाव आहे. उत्तरेला मात्र अंधेरी-बोरिवलीचा किंवा घाटकोपर-मुलुंडचा माणूस स्टेशनाबाहेर पडला, की आधी रिक्षा शोधतो. खेडोपाडी तीच रिक्षा बाजाराला माणसे नेते आणि शाळेला मुले नेते. तेव्हा तिच्या ब्रेकाची चौकशी एकट्या चालकाने करावी असे नाही. ज्यांची मुले तिच्यात बसतात, त्यांनाही ती कळलेली बरी.

बहुतेक रिक्षांत पायाचा ब्रेक द्रवाच्या दाबाने चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातला दट्ट्या द्रवाला ढकलतो. तो दाब बारीक नळ्यांतून चाकापर्यंत जातो. तिथल्या लहान सिलिंडरातले दट्टे ब्रेक-शू फाकवतात, शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासते आणि चाक थांबते. हाताचा ब्रेक वेगळा; तो तारेने ओढला जातो आणि मागची चाके धरतो.

कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे १७व्या शतकात पास्कल या फ्रेंच विद्वानाने दाखवून दिले. गुरुजींना हे वर्गात सहज दाखवता येईल. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, मध्ये रबरी नळी जोडा आणि सगळे पाण्याने काठोकाठ भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच हलेल. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने अडवून पहिला दाबा. पाणी असताना तो जागचा हलत नव्हता. आता आत जाईल. पाणी दबत नाही, हवा दबते. मुलांना एवढे दिसले, की ब्रेकाचे निम्मे गुपित उलगडले.

आता रोगाची परीक्षा. पेडल पायाखाली रबरासारखे मऊ लागते का? तर नळीत हवा आहे. पेडल फार खाली जाते, पण दोन-तीन वेळा मारल्यावर टणक होते का? तर बहुधा लायनर झिजले आहे किंवा शू लावून घ्यायला झाले आहेत. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसते का? मग द्रव कुठून तरी गळतो आहे, किंवा मास्टर सिलिंडरातले रबर गेले आहे. पेडल टणक आहे, पण गाडी थांबत नाही? लायनर गुळगुळीत झाले असेल, नाहीतर त्यावर तेल उतरले असेल. गाडी एका बाजूला ओढते? मागच्या दोहोंपैकी एक चाक धरते आहे आणि दुसरे नाही. तीन चाकांच्या गाडीला हे फार वाईट.

पावसाळ्यातला एक प्रकार मात्र निराळा आहे. अंधेरीच्या सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, की ड्रम भिजतो आणि ब्रेक लागत नाही. तिथे हवा काढून काय होणार? गाडी हळू चालवीत ब्रेक अलगद दाबत राहावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकते.

नळीत हवा आहे असे ठरले, की आधी विचारावे: ती आली कुठून? टाकीतला द्रव कमी झाला होता का? एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का? ते शोधल्याशिवाय हवा काढणे म्हणजे छप्पर गळत असताना नुसती जमीन पुसत बसणे. गळका भाग बदला, शू नीट लावा, मगच हवा काढायला बसा.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावा. टाकी भरा. या द्रवाला आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते इंजिनचे तेल नव्हे. इंजिन ऑइल घातले तर आतली रबरे फुगून निकामी होतात. डब्यावर डॉट ३ की डॉट ४, ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पाहून घ्या. हा द्रव हवेतली ओल शोषतो, म्हणून फार दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. ओल शोषलेला द्रव तापला की आत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते.

कामाला दोघे हवेत. मास्टर सिलिंडरपासून नळीने सर्वांत लांब असलेल्या मागच्या चाकापासून सुरुवात करा. मग दुसरे मागचे, शेवटी पुढचे. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे आणि “धरलं” म्हणावे. दुसऱ्याने पान्याने निपल अर्धा फेरा सैल करावे. बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निपल पुन्हा आवळून “सोड” म्हटल्यावरच पाय उचलावा. पाय आधी उचलला, तर निघालेली हवा परत आत गेलीच म्हणून समजा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. मध्ये मध्ये टाकी पाहून भरावी. ती रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून! बाटलीतला जुना द्रव पुन्हा टाकीत ओतू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा. ड्रममधली धूळ मात्र फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसाला वाईट.

शेवटी पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते टणक राहिले आणि कुठे ओल दिसली नाही, तर रिकामी गाडी माणसाच्या चालीने मोकळ्या जागेत चालवून पाहा, एक हात हाताच्या ब्रेकाजवळ ठेवून. पेडल अजून मऊ असेल, तर गाडी जागची हलवू नका आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवा. आरटीओची तपासणी कधीतरी होते. पेडलावर पाय मात्र रोज सकाळी ठेवता येतो. पहिली सवारी बसण्यापूर्वी तेवढे करावे.