बिल्ला उलटा करून बघा!

पोस्टाची तिकिटं आणि जुनी नाणी जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण सैनिकांच्या टोपीवरचे बिल्ले? हा छंदसुद्धा जगभर आहे. प्रत्येक पलटणीचा बिल्ला निराळा. मराठा लाइट इन्फंट्रीचा बिगुल, महार रेजिमेंटच्या तिरक्या ठेवलेल्या दोन मशीनगन! चिमुकल्या पितळी तुकड्यावर अख्खा इतिहास मावतो.

आणि जिथे छंद, तिथे नकलाकार आलेच. जुन्या बिल्ल्याला चांगली किंमत येते, म्हणून नवे बिल्ले बनवून जुने म्हणून विकतात. साठवलेला खाऊचा पैसा असा बुडाला तर केवढी हळहळ!

आता समजा, तुम्ही एटापल्लीला राहता. आलापल्लीच्या पुढे, जंगलाच्या वाटेवर. मुंबई-पुण्याच्या दुकानात जाऊन बिल्ला हाताळून बघणं काही रोज जमणार नाही. फोटो बघायचा आणि पोस्टानं मागवायचा. पण एटापल्लीच्या मुलांकडे एक गोष्ट शहरातल्या मुलांपेक्षा जास्त आहे. तालुक्याच्या पूर्वेला छत्तीसगडची हद्द, आणि तिकडे बस्तर. बस्तरचे घडवा कारागीर पितळेचे हत्ती-घोडे कसे घडवतात? मेणाची आकृती करायची, वर मातीचा लेप द्यायचा, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. अशी ओतीव मूर्ती हातात घेतलीत की बोटांना खरखर कळते. कुठे बारीक छिद्रं, कुठे दाणे, कडा जरा बोथट. मूर्तीला ते शोभतं. बिल्ल्यात मात्र तीच खूण संशयाची!

कारण पलटणींचे बहुतेक जुने बिल्ले ओतलेले नसतात, दाबलेले असतात. पितळेचा पत्रा दोन पोलादी ठशांमध्ये ठेवून यंत्रानं जोरात दाबायचा. त्यामुळे पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा. म्हणून पहिला नियम : बिल्ला उलटा करून बघा. फोटो मागवलात तर मागच्या बाजूचा आधी मागवा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.

मागची बाजू आणखी एक गंमत सांगते. शिपाई टोपीवरचा बिल्ला रोज घासून चकचकीत करायचा. वर्षानुवर्षं घासून सिंहाचं नाक, अक्षरांच्या कडा झिजून जातात. पण मागून कोण घासतो? म्हणून खऱ्या झिजलेल्या बिल्ल्याची पुढची बाजू गुळगुळीत आणि मागची रेखीव राहते. खऱ्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल दोन्हीकडून बोथट!

ती आकारानंही किंचित लहान भरते. पितळ थंड होताना शेकडा दीड ते दोन आकसतं. चाळीस मिलिमीटरच्या बिल्ल्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना दिसणार नाही, पण शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरला दिसेल. सरांना विचारून वापरा.

जुनेपणाचं सोंगही आणतात. आम्लात बुडवून, मातीत पुरून काळा केलेला बिल्ला सगळीकडे सारखाच काळा दिसतो. खरा काळेपणा खाचांत साठतो आणि उंचवट्यांवरून पुसला जातो.

पण थांबा! ओतीव म्हणजे नकली असं लगेच ठरवू नका. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशातल्या बाजारांतल्या कारागिरांनी ओतून केलेले बिल्लेही खऱ्या सैनिकांनी टोपीवर लावले. उलट, पूर्वीचे ठसे हाती लागले की त्यातून आज दाबलेला नवा बिल्लाही रेखीव निघतो. माझ्या मते छंदातली खरी मजा इथेच आहे. नुसता धातू बघून भागत नाही, इतिहासाचं पुस्तक काढावं लागतं.

मुकुटाचंच बघा. १९५० सालापर्यंत आपल्याकडच्या अनेक बिल्ल्यांवर ब्रिटिश राजाचा मुकुट असे. त्याच्या कमानी वर घुमटासारख्या गोल. राणी एलिझाबेथच्या काळात, १९५३च्या सुमारास, मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट आला. पण भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला होता! मग भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर राणीचा मुकुट येईल कुठून? तसंच महार रेजिमेंटचं. ती १९४१ साली उभी राहिली, पण मशीनगन रेजिमेंट झाली १९४६ साली. मशीनगनवाला बिल्ला दाखवून कुणी “हा १९४२चा” म्हणालं तर हसून पुढे चला.

एक उलटा नमुना सांगतो. कुणी प्लास्टिकचा ब्रिटिश बिल्ला दाखवला तर खेळणं म्हणून फेकू नका. महायुद्धात धातू वाचवण्यासाठी ब्रिटननं १९४२पासून खरोखरच प्लास्टिकचे बिल्ले काढले होते.

आणि घरात आजोबा-पणजोबांचा बिल्ला असेल तर चिंच-मीठ लावून घासायला बसू नका. त्यावरचा काळेपणा हाच त्याचा दाखला. मऊ फडक्यानं धूळ पुसा, कागदात गुंडाळा, आणि तो कुणाचा, कुठल्या पलटणीचा, घरात कसा आला हे आजीला विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा. टोपीला लावून बाजारात मात्र फिरू नका. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी सैनिकांची खूण वापरणं कायद्यानं गुन्हा आहे, मग बिल्ला अस्सल असो की नकली.