बी.एस्सी. नर्सिंगनंतर पुढे काय?

उज्जैनला देवास गेटच्या बसस्थानकावर एक मराठी मुलगी भेटली. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, आता एम.एस्सी. करू की आणखी काही, असं विचारत होती. मी स्वतः नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकवायची आवड असेल तर दोन वर्षांचं एम.एस्सी. उत्तम.

आयसीयूत जीव रमत असेल तर 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' बघ. भारतीय परिचर्या परिषदेचा हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. बी.एस्सी. आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बहुतेक शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशीच होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रवेशाआधी मात्र आपल्या भागातल्या रुग्णालयांत या पदाची वेगळी जागा आहे का, ते विचारून घे.

बाळंतपणाच्या कामासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी', 18 महिन्यांचं प्रशिक्षण. गुंतागुंत नसलेली बाळंतपणं स्वतः सांभाळायची, अडचण दिसली की डॉक्टरांकडे पाठवायचं.

गावात राहायचं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी हो. उपकेंद्रात रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, औषधवाटप, पाठपुरावा. माझ्या मते सर्वांत जास्त जबाबदारी इथेच मिळते.