पालावालीची चाळण

संपादकांनी गव्हाच्या नासाडीवर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी आकडे जमवले. २०१५ च्या सरकारी पाहणीत देशातला ४.९३ टक्के गहू कापणीपासून साठवणुकीपर्यंत वाया जातो असं निघालं होतं. २०२२ च्या पाहणीत ते प्रमाण ४.१७ टक्के झालं. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यामागे साधारण दोन किलो. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. अडीच पोत्यांमागे एका माणसाचा महिना गेला. एवढं वहीत मांडून मी तुर्भ्याच्या धान्य बाजारात गेले.

गाळ्यापुढे मध्य प्रदेशातून आलेला ट्रक खाली होत होता. फळीवर उभा हमाल पोत्याला हुक लावून ते पुढे ओढायचा, खालचा पाठ द्यायचा. हुक निघाला की तागाच्या विणीत भोक राही आणि त्यातून चार दाणे सुटत. बारदानावर ‘हुक वापरू नका’ असं छापलेलं असतं, पण दिवसभर पन्नास किलोचं पोतं नुसत्या बोटांनी ओढणं माणसाच्या हातांना झेपत नाही. शेतापासून दुकानापर्यंत एकच पोतं असं किती वेळा चढतं-उतरतं! बाजार समिती, गोदाम, गाडी, पुन्हा गोदाम, पुन्हा गाडी. दर वेळी चार दाणे.

ते चार दाणे जिच्या वाट्याला येतात, ती ट्रकच्या मागच्या चाकाशी बसली होती. या बाजारात तिला पालावाली म्हणतात. बाजार मुंबईच्या दाणाबंदरात होता तेव्हाही पालावाल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो इकडे आला, त्याही आल्या. चाकाशी बसलेली ही मावशी तिशीत इथे आली आणि आता तिचे केस पांढरे झालेत. तिच्याजवळ खराटा, लोखंडी चाळण, सूप, सुतळीचा गुंडा आणि दाभण.

काम पाहायला मी तासभर तिच्या शेजारी बसले. आधी खराट्याने झाडण गोळा झाली. चाळणीतून माती आणि चुरा खाली गेला, खडे वर राहिले, ते तिने न बघता बोटांनी वेचले. मग सूप. पाखडताना भरलेला दाणा मागे सरकतो, हलका पुढे येतो. तो पुढे आलेला मूठभर गहू तिने माझ्या तळहातावर ठेवला. वरून धड, पण बोटाने दाबला की पीठ.

“सोंड्यानं खाल्लाय, ताई. आतून.”

सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. अळी आतलं पिठूळ खात वाढते. महिनाभराने किडा बाहेर पडेपर्यंत दाणा साबूत दिसतो. अशी एक मादी तीनशेच्या वर अंडी घालू शकते. आपल्या घरी साठवणीच्या गव्हाला एरंडेल चोळतात, कडुनिंबाचा पाला घालतात, ते याच किड्यासाठी. गोदामात थप्पीवर आच्छादन टाकून फॉस्फिन वायूची धुरी देतात. आच्छादनाची एक कड जरी उघडी राहिली तरी काही किडे जगतात, आणि जगलेल्यांच्या पिढ्यांना पुढे तोच वायू लागेनासा होतो.

मग मावशीने एक दाणा दाढेखाली धरला. कट्. “हा कोरडा.” दुसरा दबला, आवाज आला नाही. “ह्यानं पाऊस पाह्यला.”

त्या न आलेल्या आवाजाने माझे वहीतले आकडे डळमळले. एप्रिल-मे महिन्यात घेतलेला गहू वाळलेला असतो. पावसाळ्यात तो हवेतली ओल ओढून वजनाला वाढतो. पंजाब-हरियाणात राज्याच्या संस्थांकडून गहू घेताना भारतीय अन्न महामंडळ ही वाढ धरूनच हिशोब मागतं. म्हणजे किड्याने खाल्लं तेवढं पाण्याने भरून काढलं, तर काट्यावर घट दिसणारच नाही. वजन जुळतं, अन्न मात्र कमी झालेलं असतं. ही तूट मला मावशीच्या सुपात दिसली, आणि वजनकाट्यांपेक्षा मी आता तिच्या दाढेवर जास्त विश्वास ठेवते.

तिच्या हिशोबात काही वाया जात नाही. चांगला गहू पुन्हा पोत्यात, हलका कोंबड्यांना, फाटकं बारदान टाके घालून परत वापरात.

गव्हाच्या या नासाडीवरचा उपाय तुर्भ्यापासून फार लांब नाही. तळोज्याला पोलादी सायलो, म्हणजे सुट्या धान्याचं कोठार आहे. हरियाणातल्या कैथलहून खास वॅगनमधून तिथे सुटा गहू येतो. वाटेत पोतं नाही, हुक नाही. आतलं तापमान मोजलं जातं, हवा खेळवली जाते. देशभर असे सायलो उभे राहायला हवेत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. उघड्यावर, ताडपत्रीखाली गहू भिजताना ज्याने पाहिलाय त्याच्या मनात तो नसावा. पण सायलोतूनही रेशन दुकानापर्यंत गहू जातो तो पोत्यातच. धान्य तागाच्या पोत्यातच भरावं यासाठी १९८७ चा कायदा आहे आणि त्यावर बंगालमधल्या गिरण्यांचे कामगार जगतात. इकडे हमाल आहेत, १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांच्या पाठीला मोल आलं. दोन किलो वाचवायला निघालं की एवढी माणसं वाटेत भेटतात, आणि त्यांच्यासाठी कुणी आकडा मांडलेला मला तरी सापडला नाही.

मावशीला मी तळोज्याचं सांगितलं.

“मग खाली सांडलेलं कोण उचलतं?”

“सांडतच नाही फारसं.”

तिने सुतळीचं टोक ओलं करून दाभणात ओवलं.

“गहू वाचत असंल तर चांगलंच की. फक्त आमच्याकडं आणायच्या आधी सहा महिने सांगा म्हणावं.”