समुद्राच्या पोटातली हाक

मराठीत तिला देवमासा म्हणतात, उर्दूत व्हेल मछली. दोन्ही भाषांनी तिला मासा ठरवले आहे, पण व्हेल मासा नाही. ती पाण्यावर येऊन श्वास घेते, पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. हजरत युनूस (अ.) यांची हकिगत ऐकलेली मुले आम्हाला वर्गात विचारतात, "इतक्या खोल अंधारात व्हेलला दिसते तरी कसे?"

उत्तर सोपे आहे. तिला तिथे दिसत नाही, ऐकू येते. दोनशे मीटरच्या खाली उजेड जेमतेम पोहोचतो, हजार मीटरनंतर ठार काळोख. आवाजाला मात्र पाणी मानवते. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १५०० मीटर. म्हणून व्हेलचे सारे जगणे कानांवर चालते.

आपण ज्या अंबरचे नाव अत्तराच्या दुकानात ऐकतो, ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. ही दात असलेली व्हेल. नाकातल्या खास अवयवातून ती टकटक असे जोरदार आवाज काढते. समोरच्या वस्तूवर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कुठे आहे, किती दूर आहे, हे ओळखते. वटवाघळाचीही हीच युक्ती. टकटकीच्या ठरावीक लयी वापरून स्पर्म व्हेली आपल्या कुटुंबातल्यांशी संपर्कही ठेवतात.

निळ्या व्हेलला दात नसतात. तिचा आवाज इतका खर्जातला, की त्याचा बराच भाग आपल्या कानांना पकडता येत नाही. पण तो शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. हंपबॅक व्हेलचे नर तर चक्क गातात. त्यांच्या आवाजात ठरावीक क्रमाने पुन्हा येणाऱ्या ओळी असतात, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी १९७१ साली जगासमोर मांडले.

आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅक व्हेली जगावेगळ्या आहेत. इतर ठिकाणच्या हंपबॅक थंड समुद्राकडे लांबचा प्रवास करतात, या मात्र वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्या शंभरापेक्षा कमी उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. २०१७ साली तिथल्या एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले. तिचे नाव लुबान, म्हणजे आपल्या घरातला लोबान. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली.

ज्या पाण्यातून ती आली, त्यातूनच मालवाहू जहाजे जातात. त्यांच्या पंख्यांचा आणि इंजिनांचा आवाजही खर्जातलाच, त्यामुळे व्हेलची हाक त्यात बुडते. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या पुण्यातही या प्रश्नावर काम चालते. इथल्या मेरिटाइम रिसर्च सेंटरमध्ये नौदलातले निवृत्त अधिकारी डॉ. अर्णब दास पाण्याखालच्या आवाजाचा अभ्यास करतात.

गोंगाट कमी झाला तर काय होते, हे एकदा अचानक दिसले. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ले झाल्यानंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा घटली. त्या दिवसांत तिथल्या राइट व्हेलींच्या विष्ठेत ताण दाखवणारे संप्रेरक कमी आढळले.

आईपासून तुटलेल्या पिल्लाचे काय होते, हे कोकणाने पाहिले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचे एक पिल्लू अडकले. लोकांनी पाणी ओतून त्याचे अंग ओले ठेवले, त्याला समुद्रात परत नेले, तरी ते वाचले नाही. ते का भरकटले, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण हंपबॅकची पिल्ले आईशी अगदी हळू, कुजबुजल्यासारखी बोलतात, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. अशी कुजबुज गोंगाटात हरवायला वेळ लागत नाही.

उपाय अशक्य नाहीत. जहाजाचा वेग कमी केला, पंख्याची रचना सुधारली, की आवाज बराच घटतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली तशा सूचना दिल्या, पण त्या बंधनकारक नाहीत.

तेलाचे डाग डोळ्यांना दिसतात, आवाजाची घाण दिसत नाही. म्हणून ती आधी मुलांना समजावून द्यावी लागेल. एक सोपा प्रयोग करा: पाण्याने भरलेल्या बादलीला बाहेरून कान लावायला सांगा आणि पाण्यात दोन चमचे एकमेकांवर हळूच वाजवा. पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतील.