घरचा वारसा आणि परदेशातील मुले

आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी कित्येकांची नातवंडे आज अमेरिकेत वाढत आहेत. घरचा वारसा या मुलांच्या अंगी कसा उतरतो, अशी पृच्छा वारंवार होते. त्या देशात आपल्याआधी जाऊन राहिलेल्या जपानी समाजाची हकीकत या बाबतीत बोधप्रद वाटल्यावरून आम्ही ती येथे देत आहोत.

तेथील जपानी लोक पिढ्यांची गणतीच करतात. जपानहून आलेले ते इस्सेई, त्यांची मुले निसेई आणि नातवंडे सान्सेई. १९५२ पर्यंत इस्सेईंना सामान्यतः नागरिकत्व मिळत नसे. मुले मात्र तेथे जन्मल्यामुळे नागरिक ठरत. कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने इस्सेईंना शेतजमीन घेण्याची बंदी झाली, तेव्हा कित्येकांनी ती मुलांच्या नावे घेतली. 'कोदोमो नो तामे नि', म्हणजे 'मुलांसाठी', हे शब्द त्या पिढीच्या तोंडी असत. रोजची शाळा सुटली की पुष्कळ मुलांना जपानी शाळेत धाडण्यात येई.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि सारेच पालटले. भाषाशाळांतील अनेक शिक्षकांना अटक झाली. घरोघरी लोकांनी भीतीपोटी जपानी पत्रे व पुस्तके जाळली. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय हुकुमानंतर सुमारे १,२०,००० माणसांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश अमेरिकन नागरिक होती. नवल असे की, लष्कराला त्याच वेळी जपानी जाणणारी माणसे हवी होती, आणि हजारो निसेईंनी दुभाषे म्हणून कामगिरी बजावली.

युद्ध संपल्यावर निसेई स्वतः आईबाप झाले. मुलांवर तसा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून अनेकांनी घरात इंग्रजीच ठेवली व छावणीचा विषय टाळला. सान्सेईंना कारण ठाऊक नव्हते, पण वळण मात्र मिळाले: खूप शिकावे, तक्रार करू नये, चारचौघांत उठून दिसू नये. न सांगितलेली गोष्टसुद्धा मुलांपर्यंत पोचते, फक्त तिचा अर्थ पोचत नाही.

तो अर्थ तरुणांनी पुढे विचारून घेतला. १९६९ च्या डिसेंबरात मांझानार येथील जुन्या छावणीच्या जागी त्यांनी यात्रा नेली. १९८१ मध्ये सरकारी आयोगापुढे वडीलधाऱ्यांनी साक्षी दिल्या. आपल्या आईबापांची कहाणी कित्येकांनी तेव्हाच प्रथम ऐकली. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर देऊ केले.

आपल्यावर तसे संकट आलेले नाही, ही ईश्वराची कृपा. तथापि आपल्याही पेट्यांत आजोबांची मोडी पत्रे पडून आहेत व ती वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. सणवार व पक्वान्ने मुले सहज उचलतात. पण आपले पूर्वज मूळ गाव सोडून येथे का आले, त्यांनी काय सोसले, हे कोणी सांगितल्यावाचून त्यांना कळणार कसे? म्हणून आजी-आजोबांना आमची विनंती आहे की, या सुटीत नातवंडे घरी आली म्हणजे त्यांना जवळ बसवून या गोष्टी सांगाव्यात. मुलांचे मराठी मोडकेतोडके असले तरी हरकत नाही. त्यांना समजेल त्या भाषेत सांगावे, पण सांगावे.