आर्द्रात पेरलेली दिवाळी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कापडाच्या पेठेतून हिंडणारे कुटुंब आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. वडील किमतीची चिठ्ठी उलटून पाहतात, आई शिवण ताणून पाहते, आणि चिरंजीव आरशासमोरून हलायला तयार नसतात. रंग पक्का आहे का, कापड आटेल का, दोन बोटे वाढवून मिळेल का, असे सगळे प्रश्न विचारून होतात. एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही : हा सदरा इथे यावा, असे ठरले केव्हा?

आठपंधरा दिवसांपूर्वी ठरले असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण ते ठरलेले असते जूनमध्ये. घरात छत्र्यांची शोधाशोध चाललेली असते, आकाशात आर्द्रा नक्षत्र लागत असते, आणि आमच्याकडे शेतकरी तिफण घेऊन वावरात उतरलेला असतो. त्याच आठवड्यात दिवाळीचा सदराही 'पेरावा' लागतो. खामगावात मुलांचे तयार कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना मी चालवते. बारा यंत्रे, एक कटिंग मास्तर आणि भिंतीवर एक मोठा फळा, एवढा आमचा संसार. त्या फळ्यावरच्या तारखांविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

बुलढाणा जिल्ह्याला तारखांचे महत्त्व कोणी शिकवायला नको. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस गाठला, की माल भिजला आणि भाव गेला. पुढे १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे त्या मार्गावर आली; खामगाव मात्र बाजूला राहिले. पण कापसाची बाजारपेठ म्हणून त्याची थोरवी एवढी, की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत एक खास फाटा टाकण्यात आला. अंतर अवघे तेरा किलोमीटर! एवढ्याशा अंतरासाठी रूळ टाकणाऱ्यांनी नक्कीच हिशेब केला असणार. माल तयार असणे वेगळे आणि माल वेळेवर पोचणे वेगळे, हे त्या हिशेबाचे सार.

आमचा हिशेब उलटा चालतो. स्वयंपाक करणारी गृहिणी जशी पंगत किती वाजता बसायची ते आधी ठरवते आणि मग डाळ केव्हा भिजत घालायची त्याचा विचार करते, तसाच. २०२६ सालचे उदाहरण घ्या. त्या साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पण कपडेवाल्याची दिवाळी त्या दिवशी नसते. पितृपक्षात आपल्याकडे नवे कापड सहसा घेत नाहीत. खरेदीला खरा रंग चढतो घटस्थापनेपासून, म्हणजे ११ ऑक्टोबरपासून. दुकानदाराला माल मोजायला, चिठ्ठ्या लावायला, मांडायला चार दिवस हवेत. म्हणजे पुण्याच्या दुकानात गठ्ठे ७ तारखेला उतरले पाहिजेत. मालमोटारीत चढवणे आणि प्रवास यांना तीन दिवस. तेव्हा खामगाव ४ ऑक्टोबरला सोडले पाहिजे. धागे काढणे, तपासणी, इस्त्री, घडी आणि बांधणी यांना चार दिवस. म्हणजे ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी शेवटचा टाका पडलेला हवा.

आता समजा, सदरा-पायजम्याचे दीड हजार जोड शिवायचे आहेत आणि दिवसाला साठ जोड उतरतात. म्हणजे पंचवीस दिवस. पहिला जोड सगळ्या यंत्रांवरून फिरून बाहेर पडायला आणखी चार दिवस लागतात, ते धरून एकोणतीस. या अवधीत सहा रविवार येतात. पोळा आणि गौरी-गणपती यांचे पाच दिवस सोडावेच लागतात, कारण गौरी घरी आल्या असता यंत्रावर बसायला कोणती माउली येईल? असे चाळीस दिवस मागे गेलो, की शिलाईचा मुहूर्त निघतो २२ ऑगस्टचा. कटिंगला चार दिवस. त्याआधी कापड उलगडून विसावू द्यायचे आणि तुकडा धुऊन किती आटतो ते पाहायचे, त्याला आणखी चार. म्हणजे ताके १४ ऑगस्टला आमच्या दारात हवेत. इचलकरंजीहून असो, भिवंडीहून असो की सुरतेहून, विणून, रंगवून, छापून कापड यायला एक महिना धरावाच लागतो. झाली १५ जुलै. रंग पसंत करणे आणि नमुन्याचा जोड शिवून दुकानदाराकडून होकार आणणे यांत दहा-बारा दिवस जातात. राहिले जुलैचे पहिले तीन दिवस. त्यामागे मी आणखी बारा दिवस सोडते. ते का, ते पुढे सांगते. बोटे मोजीत आलो कुठवर? २२ जूनच्या आसपास. आर्द्रा!

यात आणखी एक मौज आहे. इंग्रजी दिनदर्शिका भिंतीवर लावून हा धंदा करता येत नाही. शेजारी पंचांग लागते. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला, तर २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दरसाल दहाअकरा दिवस अलीकडे सरकत आलेली ही दिवाळी २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे एकदम अठरा दिवस पुढे उडी मारते, आणि २०२७ साली पुन्हा ऑक्टोबरात येते. 'मागच्या वर्षी अमुक तारखेला माल दिला होता, तसाच यंदाही द्या,' असे म्हणणारा दुकानदार एखाद्या साली गोदामभाडे भरतो, तर एखाद्या साली रिकाम्या फळ्यांकडे पाहत बसतो.

पुष्कळांचा समज असा, की यंत्रे भरभर चालवली म्हणजे माल लवकर निघतो. वस्तुतः एका जोडाला प्रत्यक्ष माणसाचा हात लागतो तो सगळा मिळून दीड तास. बाकीचे दिवस तो जोड थप्पीत पडून असतो! कॉलरवालीपुढे थप्पी, बाहीवालीपुढे थप्पी, आणि काजाच्या यंत्रापुढे तर डोंगर, कारण काजाचे यंत्र एकच. जॉन लिटल या अमेरिकन पंडिताने १९६१ साली या गोष्टीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध करून दाखवला. आत अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, बरोबर एका नगाला लागणारे दिवस. थप्प्यांत सहाशे जोड पडले असतील आणि रोज साठ निघत असतील, तर आज कापलेला जोड दहा दिवसांनी बाहेर येणार. थप्प्या अडीचशेच्या आत ठेवा. तोच जोड चार दिवसांत बाहेर! यंत्र तेच, हात तेच. म्हणून आमचा मास्तर दीड हजार जोडांचे कापड एकदम कापीत नाही. कापलेला ढीग पाहून मालकाला समाधान वाटते खरे, पण काम काही पुढे सरकत नाही. लहान मापे शोधता शोधता बायकांचा जीव मात्र मेटाकुटीला येतो.

'मग परदेशातली दुकाने पंधरा दिवसांत नवा माल कसा आणतात?' असे एका चौकस गृहस्थांनी मला विचारले होते. स्पेनमधील 'झारा'चे उदाहरण प्रसिद्ध आहे. आठवड्यातून दोनदा त्यांच्या दुकानांत नवा माल जातो. पण तेही आधी ठरवतातच. फक्त काय ठरवायचे ते त्यांनी नीट निवडले आहे. न रंगवलेले कापड आधीच घेऊन ठेवायचे, बरीचशी शिलाई घराजवळ ठेवायची, आणि रंग व बेत मात्र शेवटपर्यंत मोकळे ठेवायचे. आधी भाजून ठेवलेली भाजणी डब्यात असली, की पाहुणे आल्यावर चकली अर्ध्या तासात होते, त्यातलाच हा प्रकार.

आता त्या बारा दिवसांविषयी. जगभर शहाणी माणसे सवड शेवटी ठेवतात. माल तयार झाल्यावर चार दिवस हाताशी असावेत म्हणून. आमच्या जिल्ह्यात हे चालत नाही. सप्टेंबर संपतो आणि सोयाबीन सोंगणीला येते. पाठोपाठ कपाशी फुटते, सीतादही होते, आणि वेचणी सुरू होते. आमच्या यंत्रांवर बसणाऱ्या बहुतेक बायका अल्पभूधारकांच्या घरच्या आहेत. त्या दिवसांत त्यांना घरच्या वावरात जावे लागते, किंवा मजुरीचा चांगला दर मिळतो म्हणून दुसऱ्याच्या. एकीला मी, आणखी आठ दिवस थांबशील का, म्हणून विचारले होते. ती हसून म्हणाली, "ताई, सोयाबीन काई आपल्यासाठी थांबत नाई." या वाक्यापुढे कोणता युक्तिवाद चालणार? तेव्हा आमच्या फळ्यावर शेवटाला सवड नाही. शेवट भिंतीला टेकलेला. सवड ठेवायची ती आरंभी, नमुना आणि कापड यांच्या भोवती.

एके वर्षी कापड नऊ दिवस उशिरा आले. व्यापाऱ्याने कारणे सांगितली, आणि त्यातली काही खरीही असतील. बारा दिवसांपैकी नमुना पसंत होण्यातच सात गेले होते. उरले पाच, म्हणजे चार दिवसांची तूट. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट सोपी : बायकांना रात्रपाळीला बसवायचे. दुसरी वाट अवघड : दुकानदाराला त्याच दिवशी खरे सांगायचे. मी फोन उचलला. अर्धा माल घटस्थापनेला, उरलेला चार दिवसांनी, आणि पहिल्या गाडीत प्रत्येक मापाचे थोडेथोडे जोड, असे ठरले. दुकानदार कुरकुरला, पण दीड महिना आधी कळल्यामुळे त्याने मांडणी त्याप्रमाणे केली. आदल्या दिवशी कळते, तर तो पुन्हा माझे तोंड पाहता ना.

वरच्या बाजूला हरवलेले दिवस नेहमी खालच्या माणसाकडून वसूल होतात, ही या व्यवहारातील खरी मेख आहे. २०२४-२५ या शालेय वर्षी महाराष्ट्रात 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली गेली. कापड एका ठिकाणाहून खरेदी करायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडून करून घ्यायची, असा बेत होता. बायकांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू उत्तमच. पण मुले चाळीस लाखांच्या वर! समजा, एक बाई दिवसाला पाच गणवेश शिवते. एकेकच गणवेश धरला तरी आठ लाख दिवसांचे काम. दहा हजार बायका बसवल्या तरी ऐंशी दिवस, आणि तेही कापड पहिल्या दिवशी गावोगाव पोचले तर. मागे मोजीत गेले, तर कापड मार्चमध्ये हातात हवे होते. शाळा उघडून महिने लोटले तरी पुष्कळ ठिकाणी गणवेश मिळाले नव्हते. मापांच्या तक्रारीही झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. विदर्भातील शाळा उन्हामुळे इतरांच्या नंतर उघडतात, एवढीच काय ती आमच्याकडच्या मुलांना सवलत. बोल मात्र शिवणाऱ्या बाईलाच लागतो, कारण गणवेश तिच्या हातून येतो.

अक्षय्य तृतीयेला आमच्या जिल्ह्यातील भेंडवळ गावी घटमांडणी होते. रात्रभर ठेवलेली धान्ये कोठे सरकली, ते पहाटे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. भाकिते खरी होवोत वा न होवोत. पेरणीपूर्वी साऱ्या वर्षाकडे एकदा नजर टाकावी, ही त्यामागची ओढ मला आपली वाटते. आमचा फळाही त्याच दिवसांत पुसून नव्याने लिहिला जातो.

या फळ्यावर शेवटी लिहिलेली तारीख दुकानात माल उतरण्याची नाही. २००६ सालच्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. ७ ऑक्टोबरला उतरलेल्या मालाचे पंचेचाळीस दिवस भरतात २१ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी होऊन तेरा दिवसांनी! कायदा पाळला गेला तरी शिवणाऱ्या बाईच्या मुलाचा सण कोरडाच जायचा. म्हणून नमुना पसंत होताच मी दुकानदाराकडून शिलाईपुरती रक्कम आगाऊ मागून घेते. जो देत नाही, त्याचे काम घेत नाही. आमच्या फळ्याच्या तळाशी लाल खडूने लिहिलेले असते : 'वसुबारसेच्या आधी मजुरी चुकती.' बाकीच्या सगळ्या तारखा मागे मोजायला मी तिथूनच सुरुवात करते.