बार्शीचे शोधनिबंध

वैद्यकीय संशोधकाची निबंधसूची वाचताना निबंधांची संख्या मोजण्यात फारसा अर्थ नसतो. आधीच्या निबंधाशिवाय पुढचा लिहिता आला असता का, हे पाहावे. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर लिहिलेले निबंध या कसोटीवर वाचण्यासारखे आहेत.

आरंभ उपचारांपासून नव्हे, नोंदींपासून झाला. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवर नोंदणी चालते. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. त्यामुळे कार्यकर्ते गावोगाव फिरत, बैठका घेत, लक्षणे असणाऱ्यांना तपासणीला यायला सांगत. अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे या गोष्टी बायका घरातही बोलत नसत. त्या बोलू लागल्या, तेव्हा रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. कस्तुरी जयंत, नेने आणि सहकाऱ्यांचा १९९५चा निबंध याच बदलावर आहे. मोजायला आलेल्या माणसांमुळे मोजायची गोष्टच बदलली, हे त्यातले सर्वांत रोचक निरीक्षण.

पण लवकर निदान झाले म्हणून मृत्यू टळतातच असे नाही. ते ठरवायला मोठी चाचणी हवी होती. ती १९९९ साली उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहिले गेले. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली.

या कामाचे निबंध टप्प्याटप्प्याने आले. २००५च्या निबंधात तपासणीचे पहिले निष्कर्ष होते. २००७च्या निबंधाने बोलावलेल्या स्त्रियांपैकी कोण आल्या, कोण नाही, याचा शोध घेतला. सुमारे ७९ टक्के आल्या होत्या. असा निबंध कुणी कौतुकाने उद्धृत करत नाही, पण त्याशिवाय पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता आला नसता.

मुख्य निबंध २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले लेखक आर. शंकरनारायणन, दुसरे नेने. त्यातले आकडे सावकाश वाचावे लागतात. आठ वर्षांत एचपीव्ही गटात १२७ कॅन्सर सापडले, तपासणी न झालेल्या गटात ११८. वरवर पाहता तपासणीने काहीच साधले नाही. पण पुढच्या टप्प्याचे कॅन्सर पहिल्या गटात ३९ आणि दुसऱ्यात ८२ होते. मृत्यू ३४ आणि ६४. रोग सापडत होता तो बरा होण्याजोग्या वेळी. पॅप गटात ५४ आणि ॲसिटिक आम्लाच्या गटात ५६ मृत्यू झाले. ही घट ठोस म्हणता येईल इतकी नव्हती.

ॲसिटिक आम्लाची पद्धत यावरून निकालात काढणे मात्र घाईचे ठरेल. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत वापरली. २०१४च्या त्यांच्या निबंधात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. धाराशिवमध्ये तपासणी एकदाच झाली होती.

तपासणीविना ठेवलेल्या गटांवरून दोन्ही चाचण्यांवर नैतिक आक्षेप घेतले गेले. त्या काळी तिथे तपासणीची सोयच नव्हती, हा बचाव खरा आहे. आक्षेप त्याने पुरता मिटत नाही.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. आज कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एखाद्या दवाखान्यात चाळिशीतल्या बाईला ही चाचणी सुचवली, तर त्या सल्ल्यामागे या खेड्यांतल्या बायका उभ्या आहेत. सर्वसाधारण स्त्रियांसाठी ती पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करावी अशी शिफारस आहे. इतके थांबता येते याचा एक आधार २००९च्या निबंधातच आहे: चाचणीत विषाणू न आढळलेल्या स्त्रियांत पुढे कॅन्सरचे प्रमाण लाखामागे ३.७ राहिले, तर पॅप तपासणीत दोष न दिसलेल्या स्त्रियांत ते १५.५ होते.